फळी सपाट झाली की

“धरलंस ना?” शिट्टीनं वरून विचारलं.

“धरलंय. पण दादा, हे काही खरं नाही.”

“तू फक्त धरून ठेव. बाकी माझ्याकडे लागलं.”

चाकांच्या खुर्चीत क्लोरीन पावडरीच्या दोन गोण्या एकावर एक बसवल्या होत्या. वरच्या गोणीला शिट्टीनं नारिंगी तरंगजाकीट चढवून पट्टा आवळला होता, ती घसरू नये म्हणून. दोन्ही गोण्यांचं मिळून वजन त्याच्या बायकोएवढं भरत होतं, निदान आजारपणाआधीच्या बायकोएवढं. त्यानं खुर्ची फळीच्या तोंडाशी आणली, टाचा रोवल्या, अंग मागे टाकलं आणि चाकं वीतभर खाली सोडली. पुढच्या वितीला खुर्चीनं त्याचं ऐकणं सोडलं. खाली उभा असलेला पंपवाला “दादा, दादा” करत मागे सरकला आणि तरी सापडलाच. खुर्चीचं पुढचं लोखंड त्याच्या नडगीवर बसलं, जाकीटवाली गोणी अंगावर आली आणि तिला कवटाळून तो तिथंच खाली बसला.

“वहिनी एवढ्या जड आहेत?” जरा वेळानं त्यानं विचारलं.

“तिच्यासमोर बोलू नकोस हे.”

“त्यांच्यासमोर मी तोंडच उघडत नाही.”

शिट्टी कठडा धरून आडवा आडवा खाली उतरला. त्यानं गोणी बाजूला केली आणि पंपवाल्याची नडगी पाहिली. चांगलीच सोलली होती. आज तिसरी खेप होती, आणि तिन्ही वेळा गोणीच पडली होती. गोणीला काही वाटत नाही, एवढीच त्यातली जमेची बाजू.

तलाव नदीवर तरंगत होता. एक भलामोठा लोखंडी तराफा, त्याच्या पोटात पोहायचा तलाव, भोवती लाकडी पट्ट्यांचा काठ, एका अंगाला कपडे बदलायच्या खोल्या, आणि हे सगळं साखळ्यांनी धक्क्याला बांधलेलं. नदी चढली की तलाव चढायचा, नदी उतरली की तोही उतरायचा. धक्का दगडी, तो जागचा हलत नसे. दोघांच्या मध्ये जायला-यायला एक लोखंडी फळी होती, एका टोकाला धक्क्यावर बिजागरीनं जोडलेली आणि दुसऱ्या टोकाला तराफ्यावर नुसती टेकलेली. नदी भरलेली असली की फळी सपाट व्हायची आणि म्हाताऱ्या बायकासुद्धा पिशव्या झुलवत पोहायला यायच्या. नदी आटली की ती घसरगुंडी व्हायची. यंदा नदी आटलेली होती, आणि तलावाचा हा शेवटचा आठवडा होता.

तराफ्याचा तळ गंजला होता. दुरुस्त करण्यापेक्षा मोडीत काढणं बरं, असं वरच्या ऑफिसात ठरलं. रविवारी संध्याकाळपर्यंत लोकांनी पोहायचं, मग पाणी काढायचं, मग टगबोट येऊन तलाव ओढून नेणार. शिट्टीला शहराच्या दुसऱ्या टोकाला, जमिनीवरच्या तलावात काम मिळणार होतं. पोहणाऱ्यांवर लक्ष ठेवायचं नव्हे, त्याचं वय झालं होतं. टॉवेल द्यायचे आणि ओले झाले की परत घ्यायचे. त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. त्याला फक्त रविवारच्या आत फळी सपाट व्हायला हवी होती.

“उचलून आणू या ना,” पंपवाला उठता उठता म्हणाला. “मी आहे, तुम्ही आहात. तिकीटवालीचे दोन भाऊ येतील. चौघं झालो की काम फत्ते.”

“ती येणार नाही उचलून.”

“दादा, शेवटचा आठवडा आहे.”

“ते तिला ठाऊक आहे,” शिट्टी म्हणाला आणि गोण्या कोठीत ठेवायला गेला.

त्याचं खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलं होतं. तरणाताठा असताना तो इथं जीवरक्षक म्हणून लागला, आणि गळ्यातल्या शिट्टीनंच त्याचं बारसं केलं. जमिनीवरच्या तलावात जीवरक्षक फक्त पाण्याकडे बघतो. इथं दोन्हीकडे बघावं लागे, आतल्या पाण्याकडे आणि बाहेरच्या नदीकडे. एखादं मोठं जहाज वळणावरून येताना दिसलं की शिट्टी उंच खुर्चीवरून एक लांब शीळ फुंकायचा आणि ओरडायचा, “काठ धरा.” पोहत असलेले सगळे हातातलं टाकून काठाला येऊन चिकटायचे. जहाज जाई, त्याच्या मागून लाटा येत, तराफा डुलायचा, तलावातलं पाणी एका अंगाला चढून परत यायचं, आणि मघापर्यंत ज्या पोरांचे पाय टेकत होते त्यांच्या नाकातोंडाशी यायचं. पण तोवर सगळ्यांनी काठ धरलेला असे. मग दोन आखूड शिळा वाजल्या की लोक परत सुटायचे. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हे शिकवावं लागे, दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्याला शिकवायचा. एवढ्या वर्षांत या तलावात कुणी बुडालं नाही, आणि त्याबद्दल शिट्टीला कुणी शाबासकीही दिली नाही, कारण न घडलेल्या गोष्टीबद्दल कोण काय बोलणार.

*

“सवत काय म्हणते?” दाराला किल्ली लावताच आतून आवाज आला.

“काय म्हणणार. गंजतेय.”

“वय झालं तिचं. वय माझंही झालंय, पण मला कुठं कोण ओढून नेतंय?”

लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिनं तलावाला हे नाव ठेवलं होतं. सगळ्यांचे नवरे सुट्टीच्या दिवशी घरी असत, तिचा सुट्टीच्या दिवशीच नक्की बाहेर. उन्हं वाढली, शाळा सुटल्या, की त्याचं तोंड दिसणंच दुर्मीळ. लेकीला ताप भरला तेव्हा तो तलावावर, लेक झाली तेव्हाही तो तलावावरच. घरी यायचा तो क्लोरीनचा वास घेऊन, डोळे लाल करून, आणि जेवता जेवता पेंगायचा. “तिच्याकडे जागता आणि माझ्याकडे झोपायला येता,” ती म्हणायची. सवतीच्या दारात पाऊल टाकणार नाही, असं तिनं तेव्हाच सांगून टाकलं आणि खरोखरच टाकलं नाही. पहिली काही वर्षं ही थट्टा होती. मधली बरीच वर्षं ती थट्टा राहिली नव्हती. लेक लग्न होऊन दूर गेल्यावर ती हळूहळू परत थट्टा झाली, तेव्हा दोघांनाही हायसं वाटलं होतं.

मग एका दुपारी ती स्वयंपाकघरात पडली. डावी बाजू गेली. संध्याकाळी तो घरी येईपर्यंत ती ओट्याखाली तशीच पडून होती, शुद्धीवर, गॅसच्या नळीकडे बघत. त्या दिवशी तलावावर काहीसुद्धा घडलं नव्हतं. आभाळ आलं होतं, चारदोन माणसं पोहत होती, आणि शिट्टी दिवसभर उंच खुर्चीवर बसून त्या चारदोन माणसांवर लक्ष ठेवून होता. हे तिनं त्याला कधी बोलून दाखवलं नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला पुष्कळदा वाटायचं.

आता त्यानं हात धुतले, पातेल्यात कोमट पाणी घेतलं आणि तिच्यासमोर पाटावर बसला. रोज संध्याकाळी तो तिचा डावा पाय चोळून द्यायचा, घोट्यापासून वर. पाय गार असे. तो उचलताना प्रत्येक वेळी त्याला नवल वाटायचं, एवढ्याशा पायाला एवढं वजन कुठून येतं.

“आज पंपवाल्याला पाडलं म्हणे.”

“तुला कोणी सांगितलं?”

“तिकीटवालीचा फोन आला होता. म्हणाली, वहिनी, तुमच्या जागी गोणी बसवतात आणि तिला जाकीट घालतात.” तिचं बोलणं झटक्यानंतर जरा घसरल्यासारखं झालं होतं, शब्दांच्या कडा झिजल्या होत्या, पण मजकूर शाबूत होता. “माझ्यापेक्षा सुबक आहे का हो गोणी?”

“गप्प बसते, एवढं आहे.”

ती हसली. हसताना तिचा चेहरा एकाच बाजूनं वर जायचा. मग ती गंभीर झाली.

“नाही व्हायचं का मग?”

“होईल. वरच्या अंगाला पाऊस आहे म्हणतात. पाणी सोडलं की नदी चढेल. हातभर चढली तरी पुरे.”

हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, जमलं तर पाण्यात उतरवा, पाण्यात अंगाचं वजन राहत नाही, आपला पाय हलतोय हे माणसाला स्वतःला दिसतं, मग उमेद येते. हॉस्पिटलच्या तलावाची रांग पुढच्या वर्षापर्यंत गेली होती. शिट्टीनं हे घरी येऊन नुसतं सांगितलं होतं. पुढं काही विचारायची त्याची हिंमत नव्हती. दोन दिवस ती काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी, पाय चोळून घेता घेता, भिंतीकडे बघत म्हणाली, “मग एकदा न्या मला सवतीकडे.” त्यानं दुसरा पायही चोळून दिला, जो बरा होता.

पण तिनं एक अट घातली. हॉस्पिटलात एकदा लिफ्ट बंद पडली, तेव्हा चौघांनी तिला चादरीत घालून तीन मजले उतरवलं होतं. साडी वर गेलेली, जिन्यावरची माणसं अंग चोरून उभी राहून बघत होती, आणि चौघांपैकी एकजण दुसऱ्याशी भलत्याच विषयावर बोलत होता.

“चौघांनी उचलायचं ते एकदाच,” ती म्हणाली होती. “तेव्हा मला कळणार नाही, म्हणून चालेल. सवतीच्या दारात मी पोत्यासारखी यायची नाही. खुर्चीत बसून येईन. नाहीतर राहिलं.”

लेकीनं पोहायचा पोशाख पाठवला होता, गडद निळा, मनगटापासून घोट्यापर्यंत. तो घालून बघताना दोघांचीही दमछाक झाली. आरशात बघून ती म्हणाली, “पाणबुडी झालेय.” मग तो पोशाख घडी घालून कपाटात नव्हे, उशाशी ठेवायला सांगितला.

*

त्या आठवड्यात शिट्टी रोज सकाळी आधी धक्क्याच्या भिंतीकडे बघायचा. भिंतीवर पाण्याची उंची दाखवणारे पांढरे आकडे रंगवलेले होते. कामाला लागल्या दिवसापासून त्याची ही पहिली नजर. आकडा बघायचा, मग फळी, मग साखळ्या, मग कपडे बदलायचे. आकडा हलत नव्हता. तलावावर मात्र गर्दी होती. वर्षानुवर्षं न फिरकलेली माणसं शेवटचं पोहायला येत होती, फोटो काढत होती, कपाटांच्या किल्ल्या आठवण म्हणून खिशात घालत होती. एक पेन्शनर बाई, जी सबंध आयुष्य मान पाण्याबाहेर ठेवूनच पोहली, तिनं पहिल्यांदा डोकं बुडवलं आणि वर येऊन रडली. शिट्टीला त्या सगळ्यांचं कौतुकही वाटत होतं आणि कंटाळाही येत होता. उंच खुर्चीची शिडी चढताना त्याचे गुडघे आता रोज बोलायचे.

“तुम्ही नाही उतरलात ते पोहायला?” तिकीटवालीनं विचारलं.

“मी कशाला? मी रोजचाच.”

“रोजचेच म्हणून तर.”

त्यानं आठवून पाहिलं. कुणाला ओढून काढायला सोडून, स्वतःसाठी म्हणून तो या पाण्यात कधी उतरला होता, ते आठवेना.

शुक्रवारी रेडिओवर सांगितलं की वरच्या धरणातून पाणी सोडणार. पंपवाल्यानं धावत येऊन बातमी दिली. शिट्टीचा चेहरा उजळला आणि लगेच त्यानं तो सावरला. शनिवारी त्याची सुट्टी होती, बायकोला हॉस्पिटलात दाखवायचं होतं. रविवारी सकाळी फळी सपाट होणार आणि संध्याकाळपर्यंत तलाव चालू. मध्ये सबंध दिवस होता.

शनिवारी तो हॉस्पिटलच्या बाकावर बसला असताना इकडे ऑफिसात तीच रेडिओची बातमी दुसऱ्यांनी ऐकली. टगबोटवाल्यानं कळवलं, नदीला ओढ लागली तर एवढा बोजड तराफा नेता येणार नाही, नेईन तर रविवारी दुपारच्या आत. तेव्हा शनिवारचं पोहणं हेच शेवटचं पोहणं ठरलं. संध्याकाळी लोकांना बाहेर काढलं आणि पंप लावले. साहेबांना वाटलं, शिट्टीला पंपवाला सांगेल. पंपवाल्याला वाटलं, साहेबांनी सांगितलं असेल. कोणाच्या मनात वाईट नव्हतं, पण सांगितलं कोणीच नाही.

*

रविवारी तो उजाडताच निघाला. तलावापर्यंत जाण्याइतकाही धीर त्याला धरवला नाही. वाटेतल्या पुलाच्या मध्यावर थांबून, कठड्यावरून वाकून त्यानं खाली बघितलं.

फळी सपाट होती. घसरगुंडी नाही, उतार नाही. धक्क्यावरून निघून ती सरळ तराफ्यावर जात होती, घरातल्या घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जावं तशी.

शिट्टी तिथूनच मागे फिरला. भिंतीवरच्या आकड्याकडे त्यानं पाहिलं नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा पाहिलं नाही. पाहिलं असतं तर नदी जागची हललेली नाही हे त्याला दिसलं असतं, आणि नदी न हलता फळी सपाट होते ती केव्हा, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पण रात्रभर त्याला झोप नव्हती, आणि डोळ्यांसमोर जे हवं होतं तेच दिसत होतं. पुलावरून उतरताना त्याच्या लक्षात आलं की आपण पळतोय. या वयात, या गुडघ्यांनी.

“उठ. झाली सपाट.”

“खरं सांगता?”

“डोळ्यांनी बघून आलो.”

पोशाख चढवायला खूप वेळ लागला. वरून तिनं साडी नेसवून घेतली, चांगल्यातली, आणि केस नीट बांधायला लावले. त्याला ते बांधणं जमत नव्हतं, दोनदा सुटले.

“घाई काय? ती कुठं पळून जातेय?”

“संध्याकाळपर्यंत आहे.”

“मग नीट बांधा. पहिल्यांदा चाललेय तिच्याकडे. मी गबाळी दिसायला नको.”

रस्त्यानं तो खुर्ची ढकलत होता आणि ती उजव्या हातानं पदर धरून बसली होती. ओळखीच्या दोघातिघांनी विचारलं, कुठं निघालात? ती सांगायची, “पोहायला.” तिसऱ्यांदा सांगताना तिला स्वतःलाच हसू आलं. शिट्टीला वाटलं, हे आपण आधी का केलं नाही? नदी भरलेली होती तेव्हा, हिचे दोन्ही पाय चालत होते तेव्हा. मग वाटलं, तेव्हा ही आली नसती. आणि मग वाटलं, तेव्हा आपण विचारलंही नव्हतं.

धक्क्यावरची तिकिटाची खिडकी बंद होती. इतक्या सकाळी बंदच असते, म्हणून त्याला त्याचं काही वाटलं नाही. त्यानं आपल्या किल्लीनं फाटक उघडलं. खुर्चीची चाकं फळीवर चढली आणि आपोआप पुढं निघाली, ना ढकलायला लागत होतं ना धरायला.

“हीच ती फळी?” ती म्हणाली. “हिच्यासाठी एवढी रामकहाणी?”

तो उत्तर देणार होता. तेवढ्यात त्याची नजर कठड्यावरून खाली तराफ्याच्या अंगाकडे गेली. नेहमी पाण्याखाली असणारा लोखंडाचा पट्टा उघडा पडला होता. त्याच्यावरचं हिरवं शेवाळ हवेत लोंबत होतं, आणि अजून ओलं होतं. तराफा हलका होऊन वर आला होता. त्याच्या पोटातलं पाणी गेलं होतं.

त्यानं खुर्ची थांबवली. हात मुठींवर तसेच राहिले. पंपाची घरघर आता त्याला ऐकू आली. ती मघापासून चालूच असणार.

“काय झालं?”

त्यानं वाकून पुन्हा ते शेवाळ बघितलं.

“अहो, काय झालं? थांबलात का?”

“पाणी नाही,” तो म्हणाला. “पाणी काढलंय. म्हणून सपाट झाली. नदी चढली नाहीये. मी बघितलं नाही. मी आकडा बघायला पाहिजे होता.”

त्याला तिच्या समोर जाऊन सांगायचं होतं, पण फळी अरुंद होती आणि तिच्या पाठीमागे उभं राहून तिच्या केसांच्या गाठीकडे बघत सांगावं लागलं. गाठ पुन्हा सुटायला आली होती. खाली नदी होती, जेवढी काल होती तेवढीच.

“म्हणजे मी एवढी नटून आले ती रिकाम्या घरात,” ती म्हणाली.

“चल, परत जाऊ.”

“परत कशाला? आले आहे तर बघून जाते. लोक मयतालासुद्धा येतातच ना.”

पंपवाला त्यांना बघून धावत आला, आणि जवळ येता येता त्याला सगळं कळलं. त्यानं पंपाच्या तेलाचे हात पँटला पुसले. “दादा, मला वाटलं साहेब... वहिनी, माझी चूक झाली. मी फोन करायला पाहिजे होता.”

“पाय कसा आहे तुझा?” तिनं विचारलं.

“बरा आहे वहिनी.”

“गोणी म्हणे माझ्यापेक्षा बरी होती.”

पंपवाल्यानं मान खाली घातली, आणि ती हसतेय हे बघून पुन्हा वर केली.

तलाव उघडा पडला होता. निळ्या फरशा, त्यांवर काळ्या रेघा, कुठं कुठं उडालेले टवके, एका कोपऱ्यात पोरांचा चष्मा आणि केसांच्या पिना. उथळ टोकाला दोन बुटक्या पायऱ्या होत्या. तिथून तळ हळूहळू खाली उतरत खोल टोकाकडे जात होता. खोल टोकाला अजून थोडं पाणी साचलेलं होतं, जे पंपाला शेवटी शेवटी ओढता येत नाही. त्यात सकाळचं आभाळ पडलं होतं.

“इथं बसायचात?” तिनं उंच खुर्चीकडे मान करून विचारलं.

“हो.”

“दिवसभर?”

“दिवसभर.”

तिनं त्या खुर्चीकडे बघितलं, तिथून पाण्याकडे बघितलं. “तिथलं तेवढं आहे की पाणी,” ती म्हणाली.

“ते घोट्याएवढं आहे गं.”

“मी काय बुडायला आलेय?”

शिट्टीनं आणि पंपवाल्यानं एकमेकांकडे पाहिलं. पंप चढवायला-उतरवायला ठेवलेली एक रुंद लाकडी फळी कोठीत होती. ती त्यांनी पायऱ्यांवर टाकली. शिट्टीनं खुर्ची उलटी वळवली आणि आपण खाली, ती वर, असा एकेक पाऊल मागे टाकत तिला तलावात उतरवलं. पंपवाल्यानं वरून खुर्चीचं पुढचं लोखंड धरलं होतं. कोणी तिला उचललं नाही. तळाच्या फरशीवरून चाकं सुरसुर चालली. दोन्ही बाजूंनी निळ्या भिंती वर वर जात होत्या, आणि जिथं लोकांची डोकी असायची ती रेघ आता तिच्या डोक्यावर होती. शिट्टीनंही तलाव असा खालून कधी बघितला नव्हता.

पाण्याच्या कडेशी तो थांबला, मग चाकं आत घेतली. त्यानं तिच्या चपला काढल्या, साडी गुडघ्यापर्यंत दुमडली, आपली विजार वर सरकवली. वरून पंपवाल्यानं पंप बंद केला.

“गरम झालाय फार,” तो मोठ्यानं म्हणाला. “जरा थंड होऊ द्यावा लागेल.” आणि पाठ फिरवून, साखळी तपासायला म्हणून पलीकडे निघून गेला.

सगळं शांत झालं. शिट्टी पाण्यात गुडघे टेकून बसला, तिचा डावा पाय दोन्ही हातांत घेतला आणि हळूच पाण्यात सोडला. पाणी गार होतं. पायाखाली तळहात धरून तो तसाच बसून राहिला.

“हलका झाला,” ती म्हणाली.

घोट्याएवढ्या पाण्यात पाय हलका होत नाही. पाय हलका व्हायला माणूस छातीपर्यंत पाण्यात जावा लागतो, हे त्याला पुरतं माहीत होतं, आणि पायाचं सगळं वजन त्याच्या तळहातावर होतं. त्यानं तळहात थोडा वर उचलला, आणि पाय पाण्यात थोडा वर आला.

“बघा,” ती म्हणाली.

“बघतोय.”

“हा वास तुमच्या अंगाला यायचा. मला वाटायचं, तुम्ही नीट अंघोळ करत नाही.” थोड्या वेळानं ती म्हणाली, “त्या दिवशी मी पडले ना, तेव्हा वाटलं, हे इथं असते तर यांनी शिट्टी फुंकली असती. तेवढंच वाटलं. दुसरं काही नाही.”

इतके दिवस ज्याची वाट बघितली ते असं येईल असं त्याला वाटलं नव्हतं. “मी यायला पाहिजे होतं,” तो म्हणाला.

“आलात की संध्याकाळी.”

भिंतींच्या वर, बाहेर कुठंतरी, इंजिनाचा आवाज यायला लागला होता. टगबोट वळणावरून येत होती. तळाशी बसून ती दिसत नव्हती, पण तो आवाज शिट्टीला पाठ होता. त्याचा हात आपसूक गळ्यातल्या शिट्टीकडे गेला आणि मग त्यानं तो खाली घेतला. फुंकायची कोणासाठी? तलावात ती एकटीच होती.

“काठ धर,” तो हळूच म्हणाला.

तिनं इकडं तिकडं पाहिलं. काठ दूर होता, दोघांच्या डोक्याच्याही वर. तिनं उजवा हात पुढं केला आणि त्याचं मनगट धरलं. धरलं ते घट्ट, त्या हातात ताकद चांगली होती.

“धरलाय,” ती म्हणाली.

टगबोटीच्या लाटा येऊन लागल्या. तराफा एका अंगाला कलला, तळातलं सगळं पाणी गोळा होऊन पलीकडच्या भिंतीवर गेलं आणि मग परत आलं, त्यांच्याकडे, तिच्या घोट्यांवरून, पोटऱ्यांवरून, साडीच्या दुमडीपर्यंत. तिनं श्वास आत घेतला. तिचे दोन्ही पाय पाण्यात उचलले गेले, उजवा आणि डावा, जवळ जवळ, आणि तिनं ते बघितले. मग पाणी उतरलं.

वरून कोणीतरी पंपवाल्याला हाक मारली, की दोर घे. पंपवाल्यानं ऐकूच न आल्यासारखं केलं. त्याला पुन्हा हाक मारावी लागली.